मद्य, लिंबू व साखर : मुंबईची इ. स. १६९४ ची एक आज्ञा आणि साष्टी

रम, लिंबाचा रस व साखर एकत्र करून घरोघरीं जें पेय आज ‘रम सावर’ या नांवानें केलें जातें, तें अमेरिकेंतून आलें असें मानण्याचा प्रघात आहे. नांवापुरतें तें खरें आहे. न्यूयॉर्क येथें इ. स. १८६२ त छापलेल्या जेरी टॉमस याच्या मिश्रपेयांच्या पुस्तकांत ‘सावर’ हा वर्ग आढळतो. परंतु पदार्थ व त्यांचें प्रमाण यांचा लेखी पुरावा शोधूं लागल्यास १६८ वर्षें मागें, मुंबई बेटांतील कंपनीच्या आज्ञापुस्तकापर्यंत जातां येतें.

इ. स. १६९४ च्या त्या आज्ञेचा आशय असा : पंच पिण्यासाठीं कोणी खाणावळींत आल्यास त्यानें एक क्वार्ट चांगली गोव्याची अर्क, अर्धा पौंड साखर व अर्धा पाइंट चांगला लिंबाचा रस मागून घ्यावा व आपला पंच आपण करावा. पाद्री अँडरसन यानें पश्चिम हिंदुस्थानांतील इंग्रजांविषयींच्या आपल्या ग्रंथांत ती उद्धृत केली व तेथून ती यूल-बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत (१८८६) आली. गिऱ्हाइकानें स्वतः मिश्रण करावें या अटीचें कारण उघड दिसतें. जिन्नस वेगवेगळे समोर आले म्हणजे मापांत लबाडी करणें कठीण.

या मापांचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. क्वार्टांत अर्धे पाइंट चार. म्हणजे मद्य चार भाग व रस एक भाग. त्या काळच्या मद्यमापानें क्वार्ट सुमारें ९५० मिलिलिटर धरल्यास ६० मिलिलिटर मद्यास १५ मिलिलिटर रस व सुमारें १४ ग्रॅम साखर येते. आज ६० मिलिलिटर रमला २० ते २५ मिलिलिटर रस घालण्याची चाल आहे; तेव्हां जुना पंच गोडीकडे अधिक झुकणारा होता. कृति मात्र एकच. मद्यांत साखर लवकर विरघळत नाहीं, म्हणून ती प्रथम रसांत विरवावी, मग मद्य घालावें. जुन्या काळीं पाणी घालून पेय सौम्य करीत. आज बर्फाबरोबर जोरानें हालवून गाळून घेतात, तेव्हां वितळलेला बर्फच पाण्याचें काम करतो.

आतां नांवाचा प्रश्न. इ. स. १६७३ त मुंबईस आलेला डॉक्टर फ्रायर, बारदेशांतील नेरूळच्या अर्केची वाखाणणी करतांना, इंग्रज लोक तिचा पांच पदार्थांचा ‘पंच’ करतात व तें नांव ‘पांच’ या शब्दावरून पडलें असें सांगतो. ही व्युत्पत्ति आपणांस गोड वाटते. परंतु पुराव्याशीं ती ताडून पाहिली पाहिजे. इ. स. १६३२ त पूर्व किनाऱ्यावरील एका इंग्रजाच्या पत्रांत हा शब्द येतो, पण पदार्थ सांगितलेले नाहींत. इ. स. १६३८ त सुरतेस असलेला मांडेल्स्लो मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस व साखर असे चार पदार्थ देतो. बर्नियर मद्य, लिंबाचा रस, पाणी व जायफळ असे चारच देतो. मुंबईची आज्ञा तर तीनच मोजते. पांच हा आंकडा फ्रायरखेरीज यांपैकीं कोणाच्याच यादींत जुळत नाहीं. पिंपास इंग्रजींत ‘पंचन’ म्हणत, त्यावरून नांव आलें असाहि एक पक्ष आहे. तेव्हां ‘पांच’ ही व्युत्पत्ति संभाव्य म्हणावी, सिद्ध म्हणूं नये. मद्य व आंबट रस हीं दोन अंगें मात्र मांडेल्स्लो, बर्नियर व आज्ञा या तिन्हींत आहेत. शिवाय गोव्याची अर्क माडीची, तर बर्नियरची अर्क काळ्या साखरेची. म्हणजे खऱ्या अर्थानें रमचें पेय बर्नियरचेंच होय.

मुंबईची आज्ञा माहीमच्या खाडीपर्यंतच चाले. खाडीपलीकडील साष्टी, म्हणजे आजचीं अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं उपनगरें ज्या मुलखांत आहेत तो, त्या वेळीं पोर्तुगिजांकडे होता. इ. स. १७३७ त ठाणें मराठ्यांनीं घेतलें, १७३९ त वसई पडली, १७७४ त इंग्रज ठाण्यांत शिरले व १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांची कायम झाली. राज्यें तीन झालीं, पण माड छेदून माडी काढणारे भंडारी तेच राहिले. पेशवाईंत मद्यास सामान्यतः बंदी असतांहि पोर्तुगिजांकडून घेतलेल्या मुलखांत भंडारी, कोळी इत्यादिकांस सवलत होती, हें न्या. रानडे यांनीं इ. स. १९०० त पेशव्यांच्या रोजनिशीवरील निबंधांत दाखविलें आहे.

याच साष्टींतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत ‘खिमाड’ नांवाचें पेय लग्नकार्यांत करतात. देशी दारू, पाणी, साखर व दालचिनी-लवंगांसारखा मसाला यांचें तें होतें व गरम प्यावयाचें असतें. लिंबू त्याचें आवश्यक अंग नव्हे. म्हणून तें पंचाचें अपत्य आहे असें म्हणण्याचें धाडस करूं नये. दोघांचें साम्य एवढेंच कीं, कडक मद्य घरांत सौम्य व गोड करून पाहुण्यांपुढें ठेवावयाचें.

पुढें सरकारचा हात या घरगुती कलेवर पडला. इ. स. १८७८ च्या अबकारी कायद्यानें माडी व गाळप यांवरील बंधनें कडक झालीं. १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरहि नियंत्रण आलें. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखालीं घरीं दारू गाळणें गुन्हा आहे, व पिण्यास परवाना लागतो. आजचा घरगुती पंच त्यामुळें विकत घेतलेल्या रमचाच करावा लागतो.

परिणाम असा झाला कीं, या पेयांचा इतिहास आपणांस कर, बंदी व परकी प्रवाशांचीं वर्णनें यांतूनच वाचावा लागतो. करणाराच्या हातचा कागद त्यांत नाहीं. संग्राहक सनदा, वतनपत्रें व बखरी जपतात, आणि स्वयंपाकघरांतील प्रमाणांच्या वह्या रद्दींत जातात. साष्टींतील जुनीं घरें पाडून उंच इमारती होत आहेत. त्या घरांबरोबर वह्याहि जातील. मुंबईची आज्ञा सरकारी पुस्तकांत होती म्हणून १६९४ चा पंच आज मापून करतां येतो. खिमाडास तें भाग्य लाभावयाचें असेल, तर ज्यांच्या हातीं अशी वही येईल त्यांनीं ती मोडी असो, देवनागरी असो वा रोमन लिपींतील असो, तारीख व गांव यांच्या नोंदीसह दप्तरीं दाखल करावी.