झाडीपट्टी रंगभूमी

झाडीपट्टी रंगभूमी : पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे व त्यांना लागून असलेला नागपूर जिल्ह्याचा काही भाग येथे धानाचे पीक घरात आल्यानंतर गावोगावी रात्रभर चालणारी व्यावसायिक मराठी नाट्यपरंपरा. तिचा हंगाम दिवाळीत सुरू होतो आणि होळीच्या आसपास ओसरतो. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज (वडसा) हे छोटे शहर तिचे केंद्र आहे. कायमस्वरूपी नाट्यगृहे नसताना आणि शहरी प्रेक्षकाचा आधार नसताना ही रंगभूमी ग्रामीण प्रेक्षकाच्या तिकिटावर चालते. येथे नाटक ठरवणारे, त्यासाठी पैसा उभा करणारे, मंडप घालणारे आणि ते पाहणारे गाव एकच असते. या रंगभूमीचे बळ गावाच्या या मालकीत आहे.

प्रदेश : वैनगंगेच्या खोऱ्यातील दाट जंगलामुळे या पट्ट्याला झाडी किंवा झाडीपट्टी हे नाव पडले. तलाव आणि धान ही त्याची ओळख. मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाणारे येथील जुने तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा आहे. पावसाळ्यात रोवणी होते आणि दिवाळीच्या सुमारास हलक्या धानाची कापणी सुरू होते. कापणी आणि चुरणे (मळणी) आटोपत जाते तसतशा बांध्या (धानाची शेते) रिकाम्या होतात, हातात थोडा पैसा येतो आणि पाहुण्यांना बोलवायला सवड मिळते. नाटकाचा हंगाम या कृषिचक्रातच बसलेला आहे. पीक बुडालेल्या वर्षी त्याचा फटका नाटकालाही बसतो.

येथील लोक झाडीबोली बोलतात. मराठीच्या या बोलीत ‘ण’ व ‘ळ’ हे वर्ण उच्चारात नाहीत. डोळ्याला ‘डोरा’ आणि पाण्याला ‘पानी’ म्हणतात. शेजारच्या वऱ्हाडीहून ती वेगळी आहे.

पूर्वपीठिका : नाटक येण्याआधीपासून या भागात दंडार, खडी गंमत, गोंधळ, भारूड आणि कीर्तन हे प्रकार रुजलेले होते. त्यांपैकी दंडार हा झाडीपट्टीचा खास लोकनाट्यप्रकार होय. त्यात गाणी, नाच, सोंगे आणि उत्स्फूर्त संवाद यांची गुंफण असते. स्त्रीभूमिका पुरुषच करतात. प्रयोगाला रंगमंच लागत नाही, गावातील मोकळी जागा पुरते. खडी गंमत ही शाहीर, ढोलकी आणि नाच्या यांच्या बळावर उभी राहते व तमाशाच्या जवळची आहे.

या लोककलांची सवय असलेल्या प्रेक्षकापुढे मराठी संगीत नाटक आले, आणि दोहोंच्या मिश्रणातून आजची झाडीपट्टी रंगभूमी घडली. अंकांची रचना, रंगवलेले पडदे आणि पदे हा संगीत नाटकाचा वारसा आहे. रात्रभराचा ऐसपैस वेळ, विनोदी पात्राला मिळणारी मोकळीक आणि प्रेक्षकाशी चालणारी थेट बातचीत ही लोकनाट्याची देणगी. आरंभी गावातील शेतकरी, शिक्षक आणि तरुण मंडळी स्वतःच नाटक बसवीत आणि स्त्रीभूमिकाही तेच करीत. पुढे स्त्रीभूमिकांसाठी बाहेरगावच्या अभिनेत्रींना मानधन देऊन बोलावण्याचा प्रघात पडला. त्यानंतर पूर्ण संच घेऊन फिरणाऱ्या व्यावसायिक मंडळ्या निघाल्या. गावातील हौशी नाटक मात्र संपलेले नाही. अनेक ठिकाणी आजही ते होते.

मंडई आणि पट : नाटकाला निमित्त लागते आणि ते बहुधा मंडईचे, म्हणजे गावच्या जत्रेचे, असते. भाऊबीजेपासून एकेका गावाची मंडई भरू लागते. शेजारच्या गावांच्या तारखा एकमेकींवर येऊ नयेत याची काळजी घेतली जाते, कारण सगळ्यांचे सोयरे सगळीकडे असतात. मंडईच्या दिवशी गोवारी समाजाची ढाल (पूजेचे प्रतीक) वाजतगाजत निघते, तिची पूजा होते. दुपारी बाजार फुलतो. खेळणी, बांगड्या, मिठाई आणि तलावातले शिंगाडे यांची दुकाने लागतात. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, घराघरांत पाहुण्यांच्या पंगती उठतात. मुलामुलींची स्थळे पाहण्याचे आणि लग्ने जुळवण्याचेही हे दिवस. रात्री पाहुण्यांना घेऊन सारे घर नाटकाला जाते. पाहुण्याला नाटक दाखवणे हा येथे पाहुणचाराचाच भाग मानला जातो.

शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, हे दुसरे मोठे निमित्त. दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडी अनेक गावांत ठरलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातल्याने ही जोडी तुटली आणि पटाच्या निमित्ताने होणाऱ्या प्रयोगांना झळ बसली. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली, तर मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला. परवानगी मिळाल्यापासून पट पुन्हा भरू लागले आहेत.

प्रयोग : नाटकाची चाहूल भित्तिपत्रकांनी लागते. त्यांवर नाटकाचे नाव, कलावंतांची छायाचित्रे, तिकिटाचे दर यांच्यासोबत उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे यांची लांबलचक यादी असते. सरपंचापासून आमदारापर्यंत अनेकांची नावे तीत येतात. निवडणुकीच्या वर्षी ही यादी आणखी वाढते.

गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत किंवा रिकाम्या बांधीत कापडी मंडप उभारतात. अनेक गावांत प्रेक्षकांच्या बैठकीची जमीन रंगमंचाकडे उतरती खोदून घेतात आणि निघालेली माती रंगमंचाच्या ओट्यासाठी वापरतात. त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पुढच्याच्या डोक्यावरून नट दिसतो. ऑर्गन, तबला आणि अलीकडे ऑक्टोपॅड वाजवणारे साथीदार रंगमंचापुढे बसतात. प्रेक्षक घरून चटई, घोंगडी, शाल घेऊन येतात. जेवणे आटोपल्यावर, रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि नाटक उत्तररात्री, कधी पहाटे संपते.

नाट्यमंडळी आज एका गावी तर उद्या दुसऱ्या गावी असते. पहाटे रंग पुसून कलावंत गाडीत बसतात, दिवसा झोप काढतात आणि संध्याकाळी नव्या गावी चेहऱ्याला रंग लावतात. दिवाळीपूर्वी वडशात तालमी होतात. पण एकच नट हंगामात अनेक नाटकांत काम करत असल्याने प्रॉम्प्टरचे महत्त्व फार. विंगेत वही घेऊन बसलेला हा माणूस वाक्य तर पुरवतोच, शिवाय नव्या नटाला हालचाल सुचवतो, रेंगाळणारा प्रवेश आवरता घेतो आणि रंगलेल्या विनोदाला वाव देतो.

अर्थव्यवहार : गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरील वडसा हे चारही जिल्ह्यांतून येण्याजाण्यास सोयीचे ठिकाण आहे. हंगामात तेथे नाट्यमंडळ्यांची कार्यालये उघडतात. नाटक ठेवणाऱ्या गावातील मंडळाचे कार्यकर्ते येऊन संच, नाटक, कलावंत आणि तारीख पाहून सौदा ठरवतात व आगाऊ रक्कम देतात. मंडप, तिकीटविक्री आणि कलावंतांची व्यवस्था मंडळ पाहते. त्यावर होणारा खर्च आणि तोट्याची जोखीमही त्याचीच. नफा झाला तर तो देवळाच्या, शाळेच्या किंवा गावाच्या अन्य कामाला लावण्याची रीत आहे. कलावंत, वादक आणि प्रॉम्प्टर यांच्याबरोबरच पडदे रंगवणारे, मंडपवाले, ध्वनी व प्रकाशयोजनावाले, छपाईवाले आणि गाडीचालक अशा अनेकांचे पोट या काही महिन्यांवर अवलंबून असते. बहुतेक कलावंत पावसाळ्यात स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शेतात राबतात.

विषय आणि भाषा : पौराणिक आणि ऐतिहासिक नाटकांची जागा हळूहळू सामाजिक व कौटुंबिक नाटकांनी घेतली. दारू, हुंडा, अंधश्रद्धा, भावाभावांतील जमिनीचा वाद, शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि नक्षलवाद हे येथील आवडते विषय. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये लागू होऊन 2021 मध्ये उठवण्यात आली. दारूचा प्रश्न येथे इतका जिव्हाळ्याचा असल्यानेच दारूने मोडलेल्या संसाराचे नाटक येथील बाईला आपल्या घरचे वाटते. कथानक भावनेला हात घालणारे आणि खलनायक ठसठशीत असतो. दर काही वेळाने गाणे, लावणी किंवा विनोदी प्रवेश येतोच. नायक-नायिका प्रमाण मराठी बोलतात, तर विनोदी पात्रे झाडीबोलीत बोलून मंडप डोक्यावर घेतात.

कलावंत आणि अभ्यासक : गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे हे या रंगभूमीचे अत्यंत लोकप्रिय विनोदी नट होत. ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ म्हणून ते ओळखले जातात. त्यांनी सुमारे 800 भूमिका केल्या असून त्यांच्या प्रयोगांची संख्या 5,000च्या पुढे आहे. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील नवरगावचे सदानंद बोरकर यांनी लेखक, दिग्दर्शक आणि नेपथ्यकार म्हणून सामाजिक आशयाची नाटके दिली; ‘माझं कुंकू मीच पुसलं’ हे त्यांचे गाजलेले नाटक. भंडारा जिल्ह्यातील साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांचा आयुष्यभर अभ्यास केला आणि बोलीतील लेखनाची चळवळ उभारली.

सद्यःस्थिती आणि मूल्यमापन : कोविडच्या साथीमुळे 2020च्या हंगामात मंडया आणि नाटके थांबली व कलावंतांवर उपासमारीची पाळी आली. पुढे प्रयोग पुन्हा सुरू झाले. ‘झॉलीवूड’ (2022, दिग्दर्शक तृषांत इंगळे) या मराठी चित्रपटाने हे जग राज्यभरच्या प्रेक्षकांपर्यंत नेले. दुसरीकडे, नाटकाऐवजी नृत्याचे कार्यक्रम ठेवण्याकडे काही गावांचा कल वाढला आहे आणि नाटकातही गाण्या-नाचांचा भरणा होऊ लागला आहे. भडकपणाची टीका या रंगभूमीवर होते, आणि ती काही नाटकांबाबत रास्त आहे. तरीही, दूरचित्रवाणी आणि मोबाइल हातात असताना थंडीत रात्रभर जमिनीवर बसून नाटक पाहणारा एवढा मोठा तिकीटधारक ग्रामीण प्रेक्षक महाराष्ट्रात क्वचितच आढळतो. तो टिकवण्याचे श्रेय गावांनाच आहे.

नोंदींच्या बाबतीत मात्र मोठी उणीव आहे. शेकडो नाटकांच्या संहिता प्रॉम्प्टरच्या वह्यांत आहेत, जुने पडदे जीर्ण झाले आहेत आणि ज्येष्ठ कलावंतांच्या आठवणी अलिखित आहेत. हे साहित्य जतन करणे आणि हंगामावर जगणाऱ्या कलावंताला म्हातारपणाचा आधार देणे ही विद्यापीठांची आणि राज्याच्या सांस्कृतिक खात्याची जबाबदारी आहे. मराठी रंगभूमीचा इतिहास झाडीपट्टीच्या प्रकरणावाचून अपुरा राहील.