डक नावाचे कापड

एका अनुवादाच्या पहिल्या मसुद्यात मी चक्क बदकांचे शीड शिवले होते. मूळ मजकुरात ‘बोस्टन डक’ होते. हे डक डच ‘डूक’वरून आले, अर्थ नुसता ‘कापड’. ‘कॅनव्हास’ही तसाच चकवा देणारा. त्याचे मूळ भांगेच्या लॅटिन नावात, पण बोस्टनचे हे कापड जवसाच्या धाग्याचे.

‘कॉन्स्टिट्यूशन’ ही अमेरिकी युद्धनौका २१ ऑक्टोबर १७९७ रोजी पाण्यात उतरली. तिची शिडे बोस्टनच्या धान्यकोठारात शिवली गेली. शीड बेतायचे तर ते जमिनीवर पूर्ण पसरावे लागते, आणि एवढी मोकळी जमीन कोठारातच होती. आज तिथे पार्क स्ट्रीट चर्च आहे.

कापडाचे अरुंद पट्टे कडेवर कड चढवून जोडायचे. दोऱ्याला मेण, सुईचे टोक तिधारी. मग कडेने जाड दोर टाचायचा. वाऱ्याचा खरा ताण तोच घेतो. चौकोनी शिडाला हा दोर नेहमी मागच्या अंगाला शिवतात. रात्री डोलकाठीवर चढलेल्या खलाशाला नुसत्या हाताने चाचपून शिडाची पुढची-मागची बाजू कळावी, म्हणून. ज्याने हे पहिल्यांदा ठरवले त्याने अंधारात काम केलेले असणार.

कापड विणणाऱ्यांचा उल्लेख जॉर्ज वॉशिंग्टनच्या रोजनिशीत सापडतो. १७८९च्या ऑक्टोबरात तो बोस्टनच्या कारखान्यात गेला होता. कमरेला जवसाचे तंतू बांधून दोन्ही हातांनी सूत काढणाऱ्या मुली त्याने पाहिल्या, त्या चांगल्या चालीच्या आहेत हेही नोंदवले. नाव एकीचेही नाही. जहाजाच्या कप्तानांची यादी मात्र कोणीही घडाघडा म्हणून दाखवील.

नौकेची शिडे एकंदर छत्तीस. डागडुजीनंतर २१ जुलै १९९७ रोजी, ११६ वर्षांनी, ती मार्बलहेडजवळ स्वतःच्या शिडांवर चालली, तेव्हा त्यांतली सहाच उभारली होती. तासभराचा प्रवास. त्यासाठीही शिडे शिवणारे हात लागलेच.

मी शेवटी ‘शिडाचे जाड कापड’ असे लिहून सुटले. अडले ते शिडे शिवणाऱ्याच्या हातातल्या साधनापाशी. तळव्यावर चढवायचा चामडी पट्टा, त्यात सुई रेटायला धातूची चकती. आपले अंगुस्तान बोटात बसते, हे तळहातावर. दोन दिवस घालवून मी ‘तळहाताचे अंगुस्तान’ लिहिले. संपादकांनी ते ठेवले आहे.