लेसे फेअर: एक पौंड धान्य आणि एक आणा

आजचा शब्द फ्रेंच आहे, पण त्याची किंमत आपल्या सोलापूर-नगरकडच्या लोकांनीही मोजलीय. लेसे फेअर. म्हणजे ‘करू द्या’. पुस्तकात याला निर्हस्तक्षेप धोरण म्हणतात. बाजार आपला आपण चालतो, सरकारने मध्ये पडू नये, एवढंच. ‘प्रॉडक्शन चालतंय ना, मग हात लावू नकोस’ असं आमचे सीनियर सांगतात, तसंच काहीसं.

गोष्ट अशी सांगतात की १६८१च्या सुमारास फ्रान्सचा मंत्री कोलबेअर याने व्यापाऱ्यांना विचारलं, सरकार तुमच्यासाठी काय करू शकतं? ल जांद्र नावाचा व्यापारी म्हणाला, आम्हाला आमचं करू द्या. किस्सा खरा की रचलेला, हे सोडा. पुढे १७७४ला ट्युर्गो अर्थमंत्री झाला आणि त्याने धान्यव्यापार मोकळा केला. नेमकं तेव्हाच पीक कमी आलं, भाव चढले आणि १७७५च्या वसंतात पिठासाठी दंगली झाल्या. पुढच्याच वर्षी ट्युर्गोची खुर्ची गेली.

त्याच वर्षी, १७७६ला, ॲडम स्मिथचं ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ आलं. गंमत म्हणजे त्यात ‘लेसे फेअर’ हा शब्दच नाही! पण धान्यटंचाईत सरकारने भाव बांधले तर टंचाईचा दुष्काळ होतो, असं त्याने लिहिलं. हा युक्तिवाद मूर्खपणाचा नाही बरं का. भाव चढले की व्यापारी स्वस्त भागातून माल आणतो, हे खरंच घडतं. अडचण एकच. बाजाराला भूक दिसत नाही, खिशातला पैसा दिसतो. पाऊस गेला की शेतमजुराचं काम जातं, मजुरी जाते. मग दुकानात ज्वारी असली तरी तो घेणार कशाने?

आता रिचर्ड टेंपलकडे येऊ. आजचा माझा सगळा रस या माणसात आहे. १८७३-७४ला बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा याने ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणवला. भूकबळी फारच थोडे झाले. बक्षीस काय मिळालं? उधळपट्टी केली म्हणून टीका! लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’नेही झोडपलं.

१८७६ला दख्खनमध्ये पाऊस गेला. व्हाइसरॉय लिटन स्मिथच्या नावाने धान्यव्यापारात ढवळाढवळ नको म्हणत होता. जानेवारी १८७७मध्ये दिल्लीत दरबार भरला, आणि त्याच महिन्यात त्याने टेंपलला दौऱ्यावर पाठवलं. या वेळी टेंपलने खर्च कापला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा. दिवसभर दगड फोडून एवढंच! मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश ओरडून सांगत होते की एवढ्यावर माणूस जगणार नाही. आपल्याकडे हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. सरळ संपच. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पत्रामागून पत्र पाठवत राहिली.

देशातून गव्हाची निर्यात मात्र सुरूच होती. ती थांबवणं म्हणजे हस्तक्षेप झाला असता ना!

ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून जास्त माणसं गेली असावीत, असे अंदाज आहेत. मला त्रास होतो तो याचा की टेंपलला उपाय माहीत होता. तीनच वर्षांपूर्वी त्याने तो करून दाखवला होता. आणि बढती कधी मिळाली? १८७७ला, याच दुष्काळात. मुंबईचा गव्हर्नर म्हणून.

१८८०च्या दुष्काळ आयोगाने मान्य केलं की दुष्काळात काम आणि मदत देणं सरकारचं कर्तव्य आहे. त्यातून पुढे फॅमिन कोड आले. धान्यव्यापाराला हात लावायचा नाही, हे मात्र आयोगानेही कायम ठेवलं.