ईश्वरी न्याय आणि दया : एका शब्दाचा इतिहास

अपराध्यास क्षमा केली तर न्यायास बाध येतो आणि शिक्षा केली तर दयेस. ईश्वर मात्र पूर्णपणे न्यायी आणि पूर्णपणे दयाळू असला पाहिजे. हा पेच ख्रिस्ती धर्मविचारात फार प्राचीन आहे. इ. स. १४४ च्या सुमारास रोम येथील ख्रिस्तमंडळीपासून विभक्त झालेल्या मार्सियनने जुन्या करारातील न्यायी देव व येशूने प्रकट केलेला दयाळू देव हे दोन भिन्न देव मानले. मंडळीने हे द्वैत नाकारले, परंतु दोन गुणांमधील विरोध त्यामुळे मिटला नाही. त्याचे एक कारण सिद्धान्तात नसून शब्दात आहे.

हिब्रू भाषेतील 'त्सेदाका' या शब्दाचा रोख केवळ न्यायदानाकडे नाही. स्तोत्रसंहितेत व यशयाच्या ग्रंथाच्या उत्तरार्धात ईश्वराची 'त्सेदाका' वारंवार 'तारण' या अर्थाच्या शब्दांच्या जोडीने येते. पीडितास सोडविणे हे तिचेच कार्य होय. ग्रीक भाषांतरकारांनी तिच्यासाठी बहुधा 'दिकायोसुने' हा न्यायवाचक शब्द योजला. तथापि १०३ व्या स्तोत्राच्या ६ व्या कडव्यासारख्या काही स्थळी त्यांनी 'एलेएमोसुने', म्हणजे दया, असे भाषांतर केले. एकाच मूळ शब्दाला त्यांना दोन प्रतिशब्द घ्यावे लागले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

लॅटिनमध्ये 'युस्तितिया' हा शब्द रूढ झाला. ज्याचे त्यास देण्याची अढळ इच्छा, अशी त्याची व्याख्या रोमन विधिज्ञ उल्पियन याच्या नावावर आहे. या अर्थाच्या प्रभावाखाली दया ही न्यायाला बाहेरून आवर घालणारी शक्ती भासू लागते. कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या 'कुर देउस होमो' या ग्रंथात हा विरोध मान्य करूनच त्याचा परिहार केला. पापाने ईश्वराच्या प्रतिष्ठेचा भंग होतो; त्याची भरपाई तरी झाली पाहिजे किंवा शिक्षा तरी; केवळ दयेने ऋण माफ करणे ईश्वरास शोभत नाही. मनुष्याला न फेडता येणारे हे ऋण ईश्वर-मानव ख्रिस्त फेडतो, आणि न्याय व दया एकाच कृतीत सफल होतात.

मार्टिन लूथरला हा पेच व्यक्तिगत भयाच्या रूपाने जाणवला. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील 'ईश्वराचा न्याय' या शब्दप्रयोगाचा आपणास द्वेष वाटे, असे त्याने १५४५ च्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. शब्दांचा पूर्वापर संबंध तपासल्यावर त्याला उमगले की, येथे पाप्यास शासन करणारा न्याय अभिप्रेत नसून, ईश्वर ज्याच्या योगे श्रद्धावंतास न्याय्य ठरवितो तो न्याय अभिप्रेत आहे. हाच अर्थ त्याला पुढे ऑगस्टीनच्या ४१२ च्या सुमाराच्या एका ग्रंथात आढळला. विशेष असे की, लूथरविरोधी ट्रेंट परिषदेनेही १५४७ मध्ये ऑगस्टीनचेच सूत्र स्वीकारले. वाद षष्ठीच्या अर्थाचा राहिला नव्हता. हा न्याय श्रद्धावंताच्या नावे गणला जातो की त्याच्या अंतरंगात ओतला जातो, याविषयी तो होता. त्या वादातील मूलभूत मुद्द्यांवर लूथरन व कॅथॉलिक प्रतिनिधींनी १९९९ मध्ये आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणेवर स्वाक्षऱ्या केल्या.

मराठी बायबलच्या रूढ भाषांतरात त्या स्थळी 'न्याय' नव्हे, तर 'नीतिमत्त्व' हा शब्द आहे. त्याने न्यायालयाची छाया टळते; पण सदाचरणाची छाया येते, आणि तारणाचा मूळ अर्थ पुन्हा निसटतो.

अर्थात शब्दार्थाने सारा प्रश्न सुटत नाही. शासन करणारा ईश्वर हिब्रू ग्रंथांतही आहेच. पीडितास सोडवावयाचे तर पीडकास आवरावे लागते. मात्र तेथे दया ही न्यायाची मर्यादा नसून अनेकदा न्यायाचेच रूप असते, एवढे ध्यानात घेतल्यावाचून या दोन गुणांचा विरोध स्वयंसिद्ध मानणे सयुक्तिक ठरणार नाही.