सातबारा बदलला, हे कॉम्प्युटरला कसं कळतं?

समजा, वाशी तालुक्यातल्या तुमच्या शेताचा सातबारा तुम्ही गेल्या वर्षी काढून ठेवला होता. यंदा पुन्हा काढला, तर क्षेत्राचा आकडा वेगळा. दोन कागद शेजारी ठेवले की काय बदललं ते दिसतं. पण कधी आणि कशामुळे बदललं, ते कुठे कळणार?

फेरफार म्हणजे बदलांची वही

सातबारा फक्त आजची स्थिती दाखवतो. ती स्थिती कशी आली, हे गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असतं. खरेदी, वारस, वाटणी, बोजा अशा प्रत्येक बदलाला स्वतंत्र क्रमांक मिळतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार तलाठी नोंद घेतो आणि संबंधितांना नोटीस देतो. हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. नोंद प्रमाणित करण्याचं काम साधारणपणे मंडळ अधिकारी करतात.

सॉफ्टवेअरमध्ये हे कसं होतं?

कोणत्याही डेटाबेसमध्ये हाच प्रश्न येतो. उदाहरणासाठी जावा ही प्रोग्रामिंगची भाषा घेऊ. तिथे दोन मार्ग आहेत.

१. तुलना: ‘जाव्हर्स’सारखी लायब्ररी जुनी आणि नवी नोंद रकान्यानुसार ताडून पाहते आणि फक्त फरकांची यादी देते.

२. इतिहास जपणं: ‘हायबरनेट एन्व्हर्स’ प्रत्येक बदलाची नोंद वेगळ्या तक्त्यात ठेवतं. नवी नोंद असेल तर ०, दुरुस्ती असेल तर १ आणि काढून टाकली असेल तर २ असा खुणेचा आकडा, सोबत आवृत्तीचा क्रमांक आणि वेळ. पण बदल कोणी केला, हे आपोआप लिहिलं जात नाही. ती सोय प्रोग्रामरला मुद्दाम करावी लागते.

बदल नसताना ‘बदल’

तुलना करताना कॉम्प्युटर फसतोही. १.२ हेक्टर आणि १.२० हेक्टर आपल्यासाठी एकच. जावातल्या ‘बिगडेसिमल’ प्रकाराची ‘इक्वल्स’ तपासणी मात्र त्यांना वेगळं ठरवते. तिथे ‘कम्पेअर टू’ वापरावं लागतं.

मराठी नावांचंही तसंच. ‘गोऱ्हे’ मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी नावं वाटतात. म्हणून तुलनेआधी ‘नॉर्मलायझर’ने दोन्ही एकाच रूपात आणतात.

तुम्ही काय करावं?

सप्टेंबर २०२० पासूनच्या नव्या नमुन्यातल्या सातबाऱ्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख असते. आधी ती पाहा. क्रमांक ओळखीचा नसेल, तर त्या फेरफाराची नक्कल काढा. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका आणि गाव निवडून फेरफाराच्या नोटिसाही पाहता येतात.

दोन सातबाऱ्यांतला फरक बदल झाल्यावर कळतो. नोटीस मात्र नोंद प्रमाणित होण्याआधी निघते. ती वेळेत पाहिली, तरच १५ दिवसांत हरकत घेता येते.