आंबा घाटाचा उतार आणि इंजिनाची निवड

घाटात ओझे ओढणारे इंजिन कसे असावे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण चढावर शोधतात. इतिहास मात्र उताराकडे बोट दाखवतो.

शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हे कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावरचे गाव. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर विशाळगडकर पंतप्रतिनिधींची गादी गडावरून येथे आली. गावापासून पुढे आंबा, आणि तेथून घाट साखरप्याकडे उतरतो. १८९१ मध्ये रेल्वे कोल्हापूरला पोहोचली, पण तेथून सह्याद्री उतरून कोकणात ती आजतागायत गेलेली नाही. या वाटेवरचा माल आधी बैलांनी वाहिला, नंतर मोटारींनी.

बैलगाडीच्या काळात चढावर जादा बैलजोडी जुंपली की काम भागे. उतारावर त्या जोडीचा काहीच उपयोग नसे; भरल्या गाडीचा भार मागून रेटू लागला की जू शिंगांकडे सरके.

रेल्वेने हाच अनुभव बोरघाटात घेतला. १८६३ मध्ये सुरू झालेल्या त्या मार्गावर ३७ फुटांमागे १ फूट चढ होता. गाडीला मागून रेटा देणारे ‘बँकर’ इंजिन म्हणजे त्या जादा बैलजोडीचाच वाफेवरचा अवतार! तरीही १८६९ मध्ये घाट उतरणारी एक गाडी आवरता आली नाही आणि भीषण अपघात झाला. १९२९ मध्ये कल्याण–पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले. तेथील ‘खेकडा’ नावाने प्रसिद्ध झालेली मालगाडीची इंजिने उतरताना मोटारींनाच जनित्र बनवत. गाडी आवरली जाई आणि वीज तारेत परत जाई. रोखण्याची शक्ती इंजिनातच असावी, हा विचार येथे पूर्णत्वास गेला.

रस्त्यावर गोष्ट थोडी उलटी घडली. १९५४ मध्ये टाटा–मर्सिडीज बेंझ मालमोटारी आल्या आणि पुढे डिझेलने पेट्रोलला मागे टाकले. कमी फेऱ्यांतही भरपूर पीळ देणारे डिझेल इंजिन चढासाठी उत्तमच. परंतु पेट्रोल इंजिनात पाय काढताच हवेची वाट आवळली जाते व इंजिन गाडीला मागे धरते. साध्या डिझेलमध्ये हवा मोकळी आत येते, म्हणून ही पकड सौम्य असते. ती उणीव भरून काढण्यासाठी धुराची वाट अडवणारा एक्झॉस्ट ब्रेक आला.

आंबा घाटमाथा हिमालयाइतका उंच नाही. विरळ हवेने इंजिन दमण्याची चिंता येथे गौण. चिंता आहे ती वळणांची आणि तापलेल्या ब्रेकची. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा चालकांचा जुना दंडक त्यासाठीच आहे; इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा इंजिनाची पकडच गमावतो. मागे ट्रॉली असेल तर धोका दुणावतो. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर तिचा सारा भार पुढच्या वाहनावर येतो आणि वळणावर ती त्यालाच आडवे ढकलते. तेथे अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा ओढणाऱ्या वाहनाचे वजन आणि ट्रॉलीचे ब्रेक आधी पाहावे लागतात.