दिवाणखान्यांतील बहुरूपी

माझ्या पुतण्याच्या दिवाणखान्यांत गेल्या दिवाळीपासून एक चमत्कारिक वस्तु उभी आहे. पुरुषभर उंचीची प्लायवुडाची पेटी, कमरेच्या वर एक तिरपी फळी, फळीवर दोन दांडे व रंगीत बटणें, आणि समोर पडदा. पूर्वी मोठ्या शहरांतून नाणें टाकून खेळावयाचीं जीं यंत्रें असत, त्यांचीच ही घरगुती प्रतिकृति. सुतारानें फळ्या कापून दिल्या. बाकीचें सारें काम पुतण्यानें रात्री जागून स्वतः केलें. आंत मात्र जुन्या यंत्रांपैकीं कांहींच नाहीं. इंग्लंडांत केंब्रिज येथें जन्मलेला, २०१२ सालापासून मिळूं लागलेला 'रास्पबेरी पाय' नांवाचा पत्त्याएवढा संगणक तेवढा आहे, आणि तो नाना यंत्रांचीं सोंगें घेतो. आपल्याकडे बहुरूपी एके दिवशीं फौजदार तर दुसऱ्या दिवशीं गोसावी होऊन दारीं येई, तसेंच हें. संगणकाकडून असें सोंग वठवून घेणाऱ्या आज्ञावलीस 'इम्युलेटर' म्हणतात. या बहुरूप्याची हकीकत आज सांगावयाची आहे. सांगण्यास मला एक खाजगी कारणहि आहे. तें ओघानें येईल.

नाण्याच्या यंत्राची भरभराट कॅलिफोर्नियांत सुरू झाली. इ. स. १९७२ मध्यें अटारी या नव्या कंपनीनें सनीव्हेल येथील एका मद्यगृहांत 'पाँग' नांवाचा, टेबल-टेनिसच्या धर्तीचा खेळ ठेविला. थोड्याच दिवसांत यंत्र बिघडल्याची तक्रार आली. अभियंता ॲल अल्कॉर्न यानें जाऊन उघडून पाहिलें, तों नाण्यांचा डबा तुडुंब भरलेला! पुढें १९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यानें 'स्पेस इन्व्हेडर्स' रचिला. १९८० त 'पॅकमॅन' आला. अशा पेटींत बहुधा एकच खेळ असे. घरगुती यंत्रांची जात निराळी. १५ जुलै १९८३ रोजीं निन्टेंडो कंपनीनें जपानांत 'फॅमिकॉम' विक्रीस काढलें. तें दूरचित्रवाणी-संचास जोडावयाचें, आणि खेळ बदलावयाचा तर नुसती कॅसेट बदलावयाची.

मग घरगुती यंत्राचे खेळ बाजारांतल्या पेटींत घालणें हा भलताच संकर नव्हे काय? मला प्रथम तसें वाटलें, व तसें मीं बोलूनहि दाखविलें. परंतु खुद्द निन्टेंडोनेंच १९८६ मध्यें 'प्लेचॉइस-१०' ही पेटी काढली होती. तींत घरगुती खेळच दहापर्यंत भरतां येत, आणि नाणें टाकल्यावर ठराविक वेळ मिळे; भाड्याच्या सायकलीसारखा हिशेब! तेव्हां पुतण्याची पेटी अगदींच बेवारशी नाहीं.

आतां सोंगाचें मर्म सांगतों. फॅमिकॉमचा मेंदू सेकंदास सुमारें १७ लाख ९० हजार ठोक्यांनीं चाले, आणि त्याची कामापुरती स्मृति अवघी २ किलोबाइट. पडद्यावरील एका आडव्या रेघेंत आठांहून अधिक हलतीं चित्रें त्यास दाखवितां येत नसत. नववें आलें कीं तें दिसेनासें होई. म्हणून गर्दी झाली म्हणजे आकृति लुकलुकूं लागत. आजच्या संगणकास ही अडचण मुळींच नाहीं. तरीहि इमानी बहुरूपी ती लुकलुक जशीच्या तशी वठवितो, कारण कित्येक रचनाकारांनीं त्या उणिवेचाच युक्तीनें उपयोग करून घेतला होता. एक सोंग मात्र आमच्या पेटीस साधत नाहीं. 'डक हंट' या खेळांतील बंदूक जुन्या काचनळीच्या पडद्यावर प्रकाश नेमका कोणत्या क्षणीं उमटतो, यावर चाले. नव्या सपाट पडद्यापुढें ती आंधळी आहे. बदकें खुशाल उडून जातात.

५ फेब्रुवारी १९९७ रोजीं इटलींतील निकोला साल्मोरिया यानें 'मेम' ही नाण्याच्या यंत्रांचें सोंग घेणारी आज्ञावलि प्रसिद्ध केली. पुढें जगभरच्या हौशी लोकांनीं हजारों खेळ तींत उतरविले. कंपन्यांना हें रुचणारें नव्हतें. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यांत सोनीच्या घरगुती यंत्राचें सोंग घेणारी आज्ञावलि रचतांना केलेली नक्कल वाजवी होय, असें अमेरिकेच्या एका अपील न्यायालयानें २००० सालीं ठरविलें. खेळाच्या प्रती वाटणें हा प्रश्न मात्र निराळा, आणि तेथें हौशी मंडळींची बाजू लंगडीच आहे, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु दुसरी बाजूहि ऐका. कॅपकॉम कंपनीनें १९९३ पासून आपल्या एका जातीच्या विद्युत्फलकांत खेळ कूटलिपींत ठेविला, आणि ती उलगडण्याची किल्ली लहानशा बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतींत. बॅटरी संपली कीं किल्ली पुसली जाई व यंत्र मुकें होई; मग मालकानें रोख पैसे मोजलेले असोत! चोरास अडविण्याचा हा उपाय सावासच नडला. तें कूट २००७ मध्यें आंद्रेआस नाइव्ह व तोच साल्मोरिया यांनीं फोडलें. कसरीच्या तोंडीं जाणाऱ्या पोथीची रात्री बसून नक्कल करणाऱ्यास आपण चोर म्हणत नाहीं. याहि लोकांस सरसकट तसें म्हणण्यास माझी जीभ आतां रेटत नाहीं.

'आतां' म्हणण्याचें कारण असें. १९९० नंतरच्या दशकांत फॅमिकॉमच्या अनधिकृत नकला आपल्याकडे पुष्कळ आल्या. त्या वेळीं मीं एका मुलाच्या दप्तरांतून अशी एक कॅसेट जप्त केली, वार्षिक परीक्षेनंतर परत देईन म्हटलें, आणि ती द्यावयाची राहिली. माझ्याबरोबर तीहि निवृत्त झाली. तिच्यावर ९९९९ खेळ असल्याची बढाई छापलेली आहे. पुतण्यानें यंत्रावर तपासलें, तों खेळ निघाले सात. तेच नांवें बदलून पुन्हां पुन्हां. म्हणजे कॅसेटहि चोरीचीच! "काका, हिची प्रत पेटींत ठेवूं का?" त्यानें विचारलें. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचें ५२ वें कलम कायदेशीर धारकास बचावापुरती प्रत करूं देतें. तो धारक मी नव्हें. तो मुलगा तरी कितपत होता, हें वकिलांनीं पाहावें. मीं नको म्हटलें.

कॅसेटीच्या पाठीवर शाईनें 'सातवी ब, ३१' एवढेंच लिहिलेलें आहे. तो एकतिसावा मुलगा आज चाळिशीपुढें गेला असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडलें तर त्यानें येऊन आपली वस्तु घेऊन जावी. दुपारीं चारनंतर मी घरींच असतों.